चिंचेच्या चढावरचं गाऱ्हाणं

चिंचेचा चढ उतरताना भागोजीने कधी ब्रेकवर भरवसा ठेवला नाही. डावा पाय रस्त्याला घासत तो उतरायचा. त्यामुळे त्याची डावी चप्पल उजवीच्या कितीतरी आधी झिजायची, आणि त्यावरून चिमा, त्याची बायको, त्याला बारा महिने बोलायची.

सड्यावरच्या, माथ्याच्या सपाट कातळावरच्या वाडीतून खाली बंदरावर बर्फाच्या कारखान्यात जायला हाच जवळचा रस्ता. वाडीतले बरेच जण कामाला सायकलनेच जात. सकाळी उतार म्हणून गप्पा मारत, संध्याकाळी चढ म्हणून शिव्या घालत. मोटारसायकल परवडत नाही हे भागोजी कोणाजवळ कबूल करायचा नाही. "सायकल काय मागते? वाईच हवा," म्हणायचा आणि पँटचा पायचा मोज्यात खोचून निघायचा.

विठू त्याच्याच कारखान्यात कामाला, रोजचा जोडीदार. चढावर एका अंगाला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेले डंपर आणि दुसऱ्या अंगाला वाडीचे गडगे, चिरे रचून घातलेली कुंपणं, मध्ये सायकलवाल्याने चालवायचं कुठे हे कोणी सांगितलेलं नव्हतं. एका सकाळी विठू त्या मधल्या जागेत सापडला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. बर्फाच्या लाद्या काही एका पायावर ओढता येत नाहीत, म्हणून त्याने चढाच्या माथ्यावर देवळासमोर चहाची टपरी टाकली. संध्याकाळी भागोजी धापा टाकत वर आला की तिथे टेकायचा. विठू चहा द्यायचा, पण सायकलकडे बघायचा नाही. ते बघवत नसे भागोजीला.

तेव्हापासून भागोजीने एकच धरून ठेवलं होतं. चढावर सायकलवाल्यांना दोन हात रुंदीची वेगळी पट्टी पाहिजे, मध्ये दगडी कठडा घालून. जो भेटेल त्याला तो हेच सांगायचा. माणसं मान डोलवायची आणि विषय बदलायची.

मग खाली बंदराच्या शहरात सायकलींची लाट आली. शहर सुशोभीकरण समितीने समुद्राकाठी लालभडक ट्रॅक केला, दिवे लावले, भाड्याच्या सायकली ठेवल्या. पुण्याची माणसं तिथे सायकलवर बसून फोटो काढून घेत. त्या ट्रॅकवरून कामाला कोणी जात नव्हतं, कारण तो सुरू होतो तिथे कोणाचं घर नाही आणि संपतो तिथे भेळ मिळते. समितीचे अध्यक्ष संदेशशेठ. सड्यापलीकडची चिरेखाण त्यांचीच, डंपरही त्यांचेच. तरी हे संदेशशेठ एक दिवस आपण होऊन वाडीत आले, विठूच्या टपरीवर चहा प्यायले आणि म्हणाले, "भागोजी, दुसरा टप्पा तुमच्या चढावर. पट्टी देतो. पण रस्त्याला जागा कुठाय? वाडीने गडगे दोन हात मागे घेतले तर होईल."

गडगा मागे घ्या! कोकणात हे सांगणं म्हणजे माणसाला आपलं नाक वाईच मागे घे म्हणण्यासारखं. इथे वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत. आजोबांनी घातलेला दावा नातू चालवतो, आणि तोही अभिमानाने. शेजारचा धाकू तर उसळलाच. "कागद दाखवा आधी. कागदाबिगर माजा चिरा हलायचा नाय."

भागोजी मध्ये पडला. वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. लग्न असो, नवी होडी असो, आजारपण असो, देवाला हाक मारायची ती भागोजीने. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. तो धाकूला म्हणाला, "देवासमोर नारळ ठेवून बोलल्यावर कागद कशाला? ह्या देवळात नारळावर बोललेलं आजवर कोणी फिरवलान नाय."

रात्री जेवताना चिमा म्हणाली, "आणि फिरवलान तर? देव काय कोर्टात यायचाय साक्षीला?"

"तू गप," भागोजी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. देवाच्या दारात माणूस खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

नारळ ठेवला गेला. अख्खी वाडी देवळात जमली. संदेशशेठ अनवाणी, हात जोडून पुढे उभे. भागोजीने डोळे मिटले.

"हे देवा म्हाराजा! आज तुज्या लेकरांनी तुज्या पायाशी नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चढावर सायकलवाल्याचं रगत पुन्हा सांडू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी आमची जागा देतो, ती पट्टीसाठी देतो. ह्यात जो कोण शब्द फिरवील, त्याचं तू बघून घे. त्याला पोटचा घास गोड लागू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज संदेशशेठचा.

दुसऱ्या दिवशी भागोजीने आपला गडगा आधी उतरवला. मग एकेकाने हात लावला. धाकूने सगळ्यात शेवटी, तोंड फिरवून. चिरे मागे रचताना बायकांची बोटं सोलवटली, पण कोणी कुरकुरलं नाही. विठू टपरीत बसून बघत होता. त्या दिवशी त्याने सगळ्यांना फुकट चहा पाजला.

रस्ता झाला. डांबर थेट नव्या गडग्यांना येऊन टेकलं. भागोजी रोज वाट बघायचा, पट्टी आखतील, कठडा घालतील. पट्टी आली नाही. रस्ता रुंद झाला तसे डंपर मात्र दुप्पट झाले आणि चढावरही एकमेकांना मागे टाकू लागले. मग एका सकाळी माथ्यावर पाटी दिसली. सायकली व हातगाड्यांना सक्त मनाई. पाटीखाली समितीचा शिट्टीवाला उभा. त्याने भागोजीला उतरवलं. "वळसा मारून जा, हमरस्त्याने."

वळसा मारून भागोजी कारखान्यात पोहोचला तेव्हा पहिली पाळी लागून गेली होती. त्याला घरी पाठवलं. तो घरी गेला नाही, संदेशशेठकडे गेला.

संदेशशेठने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. "अहो भागोजी, रागावता काय? देवाजवळ तुम्हीच मागितलंत ना, चढावर सायकलवाल्याचं रक्त सांडू नये म्हणून? आता सायकलच येणार नाही, तर रक्त कुठून सांडेल? तुमचं गाऱ्हाणं पावलं म्हणायचं!"

आयुष्यभर देवाशी बोलणाऱ्या माणसाला माणसाशी भांडता येईना. पाण्याचा पेला तसाच ठेवून तो उठला. परतताना चढावर एक डंपर त्याच्या कोपराला वारा घालत गेला. भागोजी सायकल हातात धरून चालत होता. चालणाऱ्याला मनाई नव्हती.

माथ्यावर टपरीशी वाडी जमली होती. सगळ्यांचाच त्या दिवसाचा रोज बुडाला होता. शेठ काय म्हणाले ते भागोजीने सांगितलं. धाकू म्हणाला, "मग घाल आता गाऱ्हाणं. तेवढंच येतं तुला."

भागोजीचं डोकं फिरलं. देवळाकडे तोंड करून त्याने हात जोडले आणि ओरडला, "हे देवा म्हाराजा! ज्यानं ह्या गरिबांना दिलेला शब्द फिरवलान..."

आणि तो थांबला. सगळे त्याच्याकडेच बघत होते. संदेशशेठने वाडीला शब्द दिलाच कुठे होता? तो दिला होता भागोजीला. वाडीला शब्द दिला होता भागोजीने. गडगे हलले ते त्याच्या तोंडाकडे बघून.

"बोल की पुढं," धाकू हळूच म्हणाला.

भागोजीचे ओठ हलले. आवाज आला तो रडक्या पोरासारखा. "...त्याला पोटचा घास... गोड लागू देऊ नको."

वाडीतली सगळी माणसं खाली बघत राहिली. 'व्हय' म्हटलं की शाप भागोजीवरच पडणार होता, आणि त्याला शाप द्यायचा नव्हता कोणालाच.

टपरीत विठू उकळत्या चहाकडे बघत बसला होता. त्याने मान वर केली, पाय गेल्यापासून आज पहिल्यांदा भागोजीच्या सायकलकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा."