सहा कपांचे कान

आमच्या हातचे सिरॅमिकचे कप विकत घेणारी माणसं अख्ख्या कळंबमध्ये अकरा. त्यातले सात नातेवाईक. तरीही कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात मी आणि माझी बायको भुवनेश्वरी, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं कप करत होतो. गुरू म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. चाकावर कप मी काढायचा, कान तिनं लावायचे, अशी वाटणी. भाजल्यावर माती आकसते, हे व्हिडिओतला माणूस सांगत होता तेव्हा नेमकी रेंज गेली. पहिल्या कपांच्या कानांत बाहुलीचं बोट जेमतेम गेलं असतं.

पुढंही कान तिच्याच बोटाच्या मापाचे राहिले. माझं अडकायचं.

"कान लहान नाहीत हो, तुमचं बोट जाड आहे," हा तिचा निकाल.

गेल्या पावसाळ्यात ती वारली. तिनं कान लावलेले शेवटचे सहा कप फळीवर कच्चेच राहिले. त्यांचे कान एवढे मोठे, की मी तेव्हा म्हटलं होतं, "कप आहेत का गणपती?"

"भाजल्यावर बघा."

हे आमचं शेवटचं भांडण. नंतरचं बोलणं दवाखान्यातलं. त्यात भांडायला सवड नव्हती.

कच्च्या कपात पाणी ओतलं की त्याचा चिखल होतो. भाजायला घेतला आणि मध्येच लाइट गेली, तर कान तडकायची भीती. भट्टीला सलग नऊ तास वीज लागते आणि आमच्या गल्लीत ती टिकत नाही, या एका कारणावर मी दहा महिने काढले.

मग एके दिवशी वायरमन शंभुलिंग दारात उभा राहिला.

"सर, उद्या दिवसभर लाइट हलणार न्हाय. वहिनींचे कप भाजून घ्या. म्या सोता डीपीपाशी बसतो."

"उगाच त्रास कशाला तुला?"

"त्रास कसला? दहा महिने लाइटच्या नावानं खडे फोडताय, आमालाबी ऐकू येतं की."

कारण संपलं. सकाळी सातला भट्टी सुरू केली. नऊ तासांत लाइट एकदाही गेली नाही. इतका विश्वासघात तिनं आजवर केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं. दोन कान गळून पडलेले, चार शाबूत. एक कप धुतला, चहा ओतला, कानात बोट घातलं.

गेलं. अडकलं नाही, हललंही नाही. माप माझंच होतं. तिनं कधी घेतलं कोण जाणे. मी झोपलेला असताना घेतलं असणार. विचारून घेतलं असतं तर मी वाद घातला असता.

आपण हरलो हे कबूल करावंसं जन्मात पहिल्यांदा वाटलं, आणि घरात ऐकायला कुणी नव्हतं. शेवटी शंभुलिंगला फोन लावला.

"गेली का लाइट, सर?"

"नाही रे. कप भाजून झाले."

"बरं झालं," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

चहा संपला. कानातून बोट काढायची काही घाई नव्हती.