यमुनेची नथ

माझी बायको यमुना गेल्याचं मला मिठागरात कळलं. निरोप आला तेव्हा मी मीठ ओढत होतो. निरोप ऐकला आणि समोरचा ढीग पुरा केला. दुसरं काही सुचलंच नाही.

साल १९३८, गाव भाईंदर. तीन महिन्यांनी माझ्या अंगणात सगळं गाव जमलं, कारण यमुना बोलायला येणार होती.

तिला बोलावणारा बाळाराम भगत. त्याने यमुनेची नथ दोऱ्याला बांधून माझ्याच हातात दिली.

"मी हात लावत न्हाय, समद्यांनी बघा! पुढं-मागं झुलली तर हो, गोल फिरली तर न्हाय. मेलेलं मानूस खोटं बोलत न्हाय, त्याला आता कुनाची भीती?" मग डोळे मिटून त्याने विचारलं, "यमुने, तुझ्या धाकट्या बहिनीशी यानं लगीन करावं का?"

मी हात दगडासारखा धरला होता. तरी नथ हलली आणि पाळण्यासारखी झुलू लागली. बायका रडल्या. ही आनंदाची बातमी घेऊन सासऱ्यांकडे, काशीगावला, एक माणूस धावलासुद्धा.

तेवढ्यात माझ्या पोराला कडेवर घेऊन तीच धाकटी बहीण, द्वारका, पुढे आली. पोराला सांभाळायला ती आमच्याकडेच राहिली होती.

"भावोजी, नथ इकडे द्या. माझी बहीण आहे, मलाही सांगेल की."

पोराला खाली ठेवून तिने दोरा धरला आणि तोच सवाल विचारला. नथ गरागरा गोल फिरली.

"अरे, यमुना फिरली!" कोणीतरी ओरडलं.

बाळाराम घाम पुसत म्हणाला, "नवऱ्याला येक सांगायचं, बहिनीला येक..."

"मग खोटं कुणाला सांगितलं, तेही विचारा!" द्वारका म्हणाली.

डोंगरीचे डॉक्टर इग्नेशियस शेजारी तापाचा रोगी बघायला आले होते. ते हसतच अंगणात शिरले. त्यांनी माझे डोळे रुमालाने बांधले, नथ परत माझ्या हातात दिली आणि भगताला पुन्हा विचारायला लावलं. या खेपेला नथ नुसती लटकत राहिली.

"बांधलेल्या डोळ्यांसमोर ती येत न्हाय," बाळाराम म्हणाला.

"डोळे पुंडलिकचे बांधलेत, भगत. यमुनाबाईंना तर दिसतंय ना?"

अंगण हसून लोळलं. मी रुमाल काढला. "पण डॉक्टर, मी हात हलवला नव्हता. शपथेवर सांगतो."

"खरंच सांगताय. माणसाला आपल्या मनाचा थोडाच भाग ठाऊक असतो. बाकीचं मन त्याला न विचारता कारभार करतं. मनात हो असलं की बोटं कणभर हलतात, आपल्याला पत्ता लागत नाही. दोरा ते वाढवून दाखवतो. डोळ्यांना नथ दिसली नाही की खेळ संपला."

"म्हणजे हो कोण म्हणालं?"

द्वारका पोराला उचलून आत गेली.

माझं सांगणं एवढंच. मेलेल्या माणसाच्या नावाने कोणी हुकूम आणला, तर तो आधी कोणाच्या सोयीचा आहे ते बघा. भगताला तपासा आणि स्वतःलाही तपासा.

लग्न होणार नाही, एवढाच निरोप मी काशीगावला पाठवला आहे. हो म्हणणारी यमुना नव्हती, मी होतो, हे सासऱ्यांसमोर बसून सांगायचं अजून राहिलं आहे.