बासरीतली ओल

पंचापकेशननी पिशवीतून बासरी काढली आणि तोंडाच्या भोकात करंगळी घातली. आत ओल होती.

तीन महिने डॉक्टरांनी फुंकायला बंदी घातली होती. उद्या देवळात दुखण्यानंतरचं पहिलं वादन, म्हणून आज पिशवी उघडली. मग ही ओल कुणाची? या घरात पाणीसुद्धा भांडं ओठांना न लावता, वरून पितात. उष्टी बासरी! त्यांना शिसारी आली.

नाव एकच सुचलं. चाळिशीचा शिष्य सौरी. तीन महिने त्यांच्या मैफली तोच वाजवत होता आणि लोक खूश होते, हेही त्यांना खुपत होतं. तो ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्यांनी तोफ डागली.

"माझी बासरी फुंकतोस?"

"मी? देवाशपथ नाही, अण्णा."

"मैफली घेतल्यास, आता बासरीही घे. उद्या माझ्या शेजारी बसायचं नाही."

सौरीचा चेहरा पडला. "वास तरी घ्या. दिवसभर तंबाखूचं पान चघळतो म्हणून तुम्हीच शिव्या घालता ना मला?"

अण्णांनी बासरी नाकाशी धरली. पानाचा वास नव्हता. हिंगाचा होता.

आत भांड्यांचा आवाज थांबला. त्यांची बायको वेंबू पदराला हात पुसत दारात आली.

"त्या बिचाऱ्याला कशाला झोडपताय? मीच फुंकते. तुम्ही दुपारी झोपलात की, विहिरीपाशी. न फुंकलेला बांबू उन्हाळ्यात तडकतो, असं तुम्हीच सांगायचात. तडकू द्यायची होती का?"

"नुसती फुंकतेस?"

वेंबू पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "आधी नुसतीच फुंकायचे."

"वाजव."

तिने मोहनम् राग धरला. बोटं चाचपडत होती, सूर मात्र पक्का होता. श्वास घ्यायला अण्णा जिथे थांबत, नेमकी तिथेच ती थांबत होती. अडतीस वर्षं चुलीपाशी बसून तिने काय काय ऐकलं असेल, हे आज कळलं आणि अण्णांना स्वतःची लाज वाटली.

ती बासरी पदराने पुसू लागली.

"राहू दे."

तशीच घेऊन त्यांनी ओठांना लावली.

"सौरी, तंबोरा लाव."

दोन ओळी झाल्या आणि त्यांचा दम तुटला. त्यांनी न पुसताच बासरी वेंबूपुढे धरली.

"पुढचं तू."