राणी हरवलेला कॅरम

मी कॅरमबोर्ड बोलतोय. हो हो, तोच, जिन्याखाली झाडूंच्या मागे टेकवून ठेवलेला. उद्या गुरुवार, म्हणजे भंगारवाल्याचा वार. म्हटलं, त्याच्या आधी दोन शब्द बोलून घ्यावेत.

माझा जन्म भाईंदरच्या एका सुताराच्या गाळ्यातला. चौकट अस्सल सागवानी, उगाच नाही सांगत. शांती नगरातल्या एका मंडळाने मला घेतलं आणि दोन वर्षं मनसोक्त ठोकलं. मग मंडळात भांडणं झाली, सामान वाटलं गेलं आणि मी पेणकरपाड्याजवळच्या एका शाळेत, खेळाच्या खोलीत येऊन पडलो. तोवर चारही कोपऱ्यांच्या जाळ्या फाटल्या होत्या.

२००४ साली शाळेत उर्मिला मॅडम यायला लागल्या. दर मंगळवारी, पोरांच्या मनातलं ऐकायला. हेडसरांनी मोठ्या कौतुकानं ऑफिसला लागून खोली दिली आणि दारावर हातभर पाटी ठोकली, ‘समुपदेशन कक्ष’. आणि तिथेच घोळ झाला. शाळेत कुणाला बोलवायचं तर सूचनेची वही वर्गात जाते. शिपाई नाथामामा तीच वही घेऊन नववी ‘ब’मध्ये गेले आणि बाईंनी भर वर्गात वाचलं, “अमोल शिगवण, समुपदेशन कक्षात भेटणे.” झालं! साठ पोरं फिदीफिदी हसली. शाळा सुटेपर्यंत त्याचं नाव ‘मेंटल’ पडलं होतं.

अमोल त्या खोलीकडे पुन्हा फिरकला नाही. पीटीच्या तासाला माझ्याकडे यायचा आणि मला पाठ टेकून बसायचा. त्याचा मोठा भाऊ साहिल जूनमध्ये दहावीत नापास झाला आणि घर सोडून गेला होता. आता अमोलच्या दप्तरात पुस्तकांखाली एक शर्ट आणि टॉवेल असायचा. तोही निघायच्या तयारीत होता, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. पण लाकडानं बोंब मारायची कशी? माझा नुसता जीव खालीवर व्हायचा.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी मॅडमच खेळाच्या खोलीत आल्या. पोरं बॉल शोधत होती. त्या सरळ जमिनीवर बसल्या. “माझ्याकडे कुणीच का येत नाही रे? खरं सांगा, मी रागावणार नाही.”

नववीचीच भाविका पुढे झाली. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या कोळी घरातली पोर, बोलायला एक नंबर. “मॅडम, पयली ती पाटी काढा. वाचूनच पाय मागं फिरतो. आन समोरासमोर खुर्च्या कशाला? आमच्याकडं तसा कोन बोलत न्हाय. आजी सुकट निवडते, मी बी निवडते, तवा ती सगला सांगते. हाताला काम हाय तर तोंड उघडतं.”

“आणि ती वही नको!” मागून एक पोरगा ओरडला. “इथेच बसा ना मॅडम. बॉल न्यायला सगळेच येतात. कोण कशाला आलं, कुणाला कळणार?”

भाविकानं माझ्यावरची धूळ पुसली. “हा कॅरम हाय ना. हाताला काम.”

हेडसर वैतागले. “समुपदेशन म्हणजे काय टाइमपास आहे?” मॅडम म्हणाल्या, “सर, आजवर आपण ठरवलं, कुणी आलं नाही. महिनाभर पोरांचं ऐकून बघू.” भाविका मला रिक्षात घालून घरी घेऊन गेली. तिच्या आजोबांनी, गोपीनाथबुवांनी, मासेमारीच्या दोऱ्यानं माझ्या चारही जाळ्या विणून दिल्या. त्यातली एकही गाठ अजून सुटलेली नाही, बघा हवं तर.

तिसऱ्या मंगळवारी अमोल आला. आपणहून! मॅडमनी काहीएक विचारलं नाही, नुसती पावडर टाकली. तीन डाव झाले. चौथ्यात राणीवर नेम धरता धरता तो म्हणाला, “दादा गेला ना, तेव्हा मी घरीच होतो. म्हणाला, आईला सांगू नको. मी नाही सांगितलं.”

मॅडमनी मान वर केली नाही. “हं. तुझाच शॉट आहे.”

त्यानं मारलाच नाही. ढसाढसा रडला. एरवी माझ्यावर पाणी सांडलं की मला भयंकर राग येतो. त्या दिवशी नाही आला. मग त्यानं दप्तरातला शर्ट काढून माझ्यावर ठेवला. मॅडम म्हणाल्या, “आईला कसं सांगायचं, ते तू ठरव. मी सोबत असेन.” तो गेला आणि सोंगट्या मोजल्या तर राणी गायब. रडताना त्यानं ती मुठीत घेतली होती, तशीच राहिली. मॅडमनी एका पांढऱ्या सोंगटीला लाल नेलपॉलिश लावलं आणि काम भागवलं. दिवाळीत सुरतेहून साहिलचा फोन आला. अमोल शाळेतच राहिला.

काय दिवस होते हो ते! पुढची पाच वर्षं त्या खोलीचे नियम पोरांनीच केले. हरेल त्यानं पावडर झाडायची, आणि इथलं बोलणं दाराबाहेर न्यायचं नाही. किती पोरं माझ्यावर वाकून मोकळी झाली, त्यांची फार आठवण येते.

यंदा, २००९ साली, मॅडमची बदली झाली. शाळेला नवी इमारत आली. नव्या खोलीत सोफा आहे, समोरासमोर खुर्च्या आहेत, आणि दारावर पितळी पाटी. पोरांना विचारलं का? छे! परवा सातवीतली मिनल तिथवर गेली, पाटी वाचली आणि परत फिरली. तेव्हापासून मधल्या सुट्टीत इथे जिन्यावर एकटी बसते. आत्ताही बसली आहे. मला फेका हवं तर, पण त्या खोलीत काय हवं ते एकदा हिला विचारा की!

थांबा, कुणीतरी आलंय.

“नाथामामा, उर्मिला मॅडम आहेत का? त्यांची एक वस्तू द्यायची होती.” अरेच्चा, मिशा फुटल्यात, पण आवाज अमोलचाच!

“त्या गेल्या रे. आणि तुमचा कॅरम उद्या भंगारात.”

त्यानं झाडू बाजूला केले, मला जमिनीवर आडवं केलं, बाहीनं पुसलं. मग खिशातून राणी काढली आणि मधोमध ठेवली. नाथामामांनी गुपचूप सोंगट्यांची डबी आणून दिली.

अमोल जिन्याकडे न बघताच म्हणाला, “एक भिडू कमी आहे. येतेस?”

“मला नाही येत खेळायला.”

“मला तरी कुठे येतं? बस.”

मिनल बसली आहे. स्ट्रायकर तिच्या हातात आहे. अजून काही बोललेली नाही, आणि आम्हाला घाई नाही. तेवढं उद्या भंगारवाल्याला सांगा कुणीतरी, डाव चालू आहे म्हणावं.