टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर

^

हे चिन्ह म्हणजे ओळीची सुरुवात, जसं $ म्हणजे ओळीचा शेवट. धाकटीला एवढंच नीट कळलं होतं, तेव्हा सुरुवात इथूनच.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधांची खिडकी, आणि खिडकीत तिची थोरली बहीण. वरच्या मजल्यावर संगणकांची खोली, आणि खोलीत धाकटी, अजून कच्च्या नेमणुकीवर. थोरलीनेच शब्द टाकला होता. रोज जिन्यापाशी वाटा वेगळ्या व्हायच्या तेव्हा ती न चुकता म्हणायची, "माझं नाक शाबूत ठेव गं बाई."

सकाळी थोरलीच तक्रार घेऊन वर आली होती. औषधांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर 1.5 मिलीमधलं टिंब इतकं पुसट छापलं जातं, की लोक पंधरा वाचतात.

"तान्ह्या बाळांची औषधं आहेत. तिथे सरळ अक्षरात 'दीड' छापता येईल का तुला? का उंचाड्याची वाट बघू?"

उंचाडा म्हणजे धाकटीच्या शेजारच्या टेबलावरचा. आज रजेवर.

"येईल की," धाकटी म्हणाली. पुरतं येत नव्हतं, पण म्हणाली.

.

चिठ्ठ्यांवरची वाक्यं हजारोंनी होती. हाताने बदलायची म्हणजे जन्म गेला असता. उंचाड्याने तिला रेजेक्स दाखवलं होतं: शब्द शोधायचा नाही, शब्दाचा साचा द्यायचा, त्या साच्यात बसेल ते सगळं यंत्र शोधतं. साच्यातली चिन्हं तिला कागदावर मेलेल्या मुंग्यांसारखी दिसायची. तो समजावत होता आणि ती मान हलवत होती. समजलं नाही हे सांगायची लाज वाटली, आणि मान आपोआप हलत राहिली.

तिने साचा लिहिला.

1.5

त्याच्या जागी: दीड. दाबलं.

यंत्र म्हणालं, चारशेच्या वर जागा बदलल्या.

धाकटी हरखली. चहा घेऊन आली. पहिला घोट घेतला. दुसरा घ्यायला कप उचलला आणि

चारशे?

तान्ह्या बाळांची औषधं असून असून किती? पाच-पंचवीस.

कप खाली. तिने बदललेलं एक वाक्य उघडलं.

पावडर दीड मिली पाण्यात विरघळवून लगेच प्यावी.

जुनी प्रत शेजारी उघडली.

पावडर 125 मिली पाण्यात विरघळवून लगेच प्यावी.

तेव्हा कुठे उंचाड्याचं ते वाक्य डोक्यात आलं, ज्यावर तिने सगळ्यात जोरात मान हलवली होती. साच्यातलं टिंब म्हणजे टिंब नव्हे. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. एक, मग काहीही, मग पाच. 125 बसतं. 175 बसतं. रिकामी जागासुद्धा बसते: 'गोळी 1 5 दिवस' होती, ती आता 'गोळी दीड दिवस' झाली होती.

आणि ती पावडर. पाण्यात फुगणारी. पाणी कमी पडलं तर घशात फुगणारी.

तिने फोन उचलला.

"ताई, खिडकी बंद कर."

"काय? अगं, रांग दारापर्यंत गेलीय."

"बंद कर ना."

"लोकांना काय सांगू? माझ्या बहिणीला लहर आली?"

"चिठ्ठ्या चुकीच्या छापल्या जातायत. मी चुकलेय."

पलीकडून लोखंडी पडदा खाली सरकल्याचा खडखडाट, आणि लोकांची ओरड.

\.

आधी जुनी प्रत जागेवर. ते जमलं.

आता, दरम्यान छापलेल्या चिठ्ठ्यांपैकी चुकीच्या कोणत्या? ज्यांच्यावर 'दीड' आहे, पण ज्यांच्या जुन्या वाक्यात खरंखुरं 1.5 नव्हतं, त्या. म्हणजे पुन्हा साचा. मगाशी ज्याने बुडवलं, त्याच्याच पाठीवर बसून काठ गाठायचा.

टिंबाच्या आधी तिरकी रेघ दिली, की टिंब मुकाट्याने टिंबच राहतं.

1\.5

तिने अक्षरं एकेक करून, बोट ठेवून वाचली. एक. तिरकी रेघ. टिंब. पाच. यावेळी बदलायला सांगितलं नाही. फक्त 'शोध' म्हणाली.

खरं 1.5 असलेली वाक्यं बाजूला झाली. चुकीच्या चिठ्ठ्या उरल्या तीन. दोन औषधं अजून खिडकीतल्या ट्रेमध्येच होती, थोरलीने चिठ्ठ्या बघून फोनवर सांगितलं. तिसरं गेलं होतं. पावडर.

"कोण?"

"घड्याळवाले," थोरली म्हणाली. "चौकातले. देवा. तो माणूस चिठ्ठीच्या बाहेर पाऊल टाकत नाही गं."

?

हे चिन्ह म्हणजे आधीचं अक्षर असेल किंवा नसेल, दोन्ही चालेल.

थोरली जिना चढून धापा टाकत वर आली. घड्याळवाल्यांचा नंबर लावला. वाजतोय. वाजतोय. धाकटी बहिणीच्या पदराचं टोक धरून उभी होती, लहानपणी धरायची तसं, आणि थोरलीने सोडवलं नाही.

"हॅलो?"

"काका, हॉस्पिटलच्या खिडकीवरून बोलतेय. पावडर घेतलीत?"

"कुठली घेतोय! अहो, तुमच्या चिठ्ठीने कामाला लावलंय. दीड मिली पाणी. तेल सोडायची नळी आहे माझी, तिने बरोब्बर मोजलं. पण पावडर भिजतच नाही, नुसता गोळा होतोय. आता म्हटलं, तसाच गिळावा—"

"गिळू नका!" दोघी एकदम.

"बरं, बरं. ओरडता काय? ठेवला खाली."

थोरलीने त्यांना मोठा पेला भरून घ्यायला लावला, नवी पावडर ओतायला लावली, फोन चालू ठेवून पिण्याचा आवाज ऐकला. मग ती उंचाड्याच्या खुर्चीत मटकन बसली.

"तुमच्या विभागाच्या मॅडमना मी सांगते," ती म्हणाली.

"मी सांगणार. चूक माझी."

"काढतील तुला."

"काढू देत."

खाली कुणीतरी लोखंडी पडदा वाजवत होतं. तान्ह्या बाळांच्या चिठ्ठ्यांवर अजून 1.5 होतं, आणि टिंब अजून पुसट.

"हातासरशी ते तरी कर," थोरली म्हणाली. "आता आला ना तुला साचा? दाब."

"आधी फक्त शोधते."

"अगं, लोक पडदा उचकटतील!"

"उचकटू देत. मी वाचते, तू ऐक."

ती एकेक वाक्य मोठ्याने वाचू लागली. दीड मिली, बरोबर. दीड मिली, बरोबर. आठव्या की नवव्या ओळीवर ती अडकली. तिथे 11.5 होतं; छपाईच्या यादीत बघितलं, ती चिठ्ठी आज निघाली नव्हती. दाबलं असतं, तर त्यातल्या दुसऱ्या एकापासून पुढचं 'दीड' होऊन '1दीड' छापलं गेलं असतं.

आता काय करायचं ते तिला माहीत होतं. साच्याच्या दोन्ही कडांना कुंपण घालणारं चिन्ह तिने शोधून काढलं आणि लावलं.

\b1\.5\b

"झालं?" थोरलीने विचारलं.

"थांब," धाकटी म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली.

$