बेचक्याखालची काडी

नर्सरीत पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक मी फाटकातूनच ओळखते. ते आधी सगळ्यात महागड्या झाडापाशी जातं, मग सगळ्यात मोठ्या फुलापाशी, आणि शेवटी माझ्याकडे येऊन म्हणतं, "मावशी, वासाचं काहीतरी द्या, पण सोपं हं." म्हणजे जावई देखणा हवा, कमावता हवा आणि वर ऐकणाराही हवा, त्यातली गत. पण असं एक झाड आहे आणि तीस वर्षं मी ते देत आलेय. ब्रुगमॅन्सिया. नाव घेताना जिभेला गाठ पडते म्हणून आमच्याकडे सगळे त्याला कर्ण्याचं झाड म्हणतात, कारण वीतभर लांब फुलं कर्ण्यासारखी खाली तोंड करून लोंबतात. धोतऱ्याच्या नात्यातलंच ते.

माझे नियम ठरलेले आहेत. नवख्याला लाल द्यायचं नाही. लाल दिसायला झकास, पण वासाच्या नावाने शून्य, आणि जरा ऊन तापलं की रुसून बसणार. नवख्याला साधं पांढरं द्यायचं. पोटभर पाणी, पोटभर खत, सकाळचं ऊन, बास. दिवेलागणीला वास सुटतो तो अख्ख्या गच्चीभर. आणि हे कौतुक सांगायच्या आधी मी सांगते की झाड विषारी आहे. पान, फूल, बी, सगळंच. छाटल्यावर हात धुवायचे, घरात लहान मूल असेल तर दुसरं काहीतरी बघायचं. हे ऐकून निम्मी गिऱ्हाइकं पळतात. पळू देत.

शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो गिऱ्हाइकाला कळतही नाही. हे झाड आधी एकाच दांड्यावर सरळ वर जातं. पुरेसं वाढलं की त्याला बेचकं फुटतं, एकाच्या दोन फांद्या होतात, आणि फुलं धरतात ती बेचक्याच्या वरच. त्या वरच्या भागातली काडी तोडून लावली तर ती त्याच वर्षी फुलते. बेचक्याखालची काडी लावली तर ती बिचारी पहिलीपासून शाळा सुरू करते. वर्ष जातं, दोन जातात, कधी तीन. म्हणून नवख्याला नेहमी वरची काडी. नवखा माणूस दोन वर्षं कुठला थांबायला, तो झाड टाकून देतो आणि वर स्वतःला नावं ठेवतो.

परक्यांशी मी अशी सरळ वागले. पोटच्या मुलीला मात्र खालची काडी दिली. मुद्दाम दिली.

लेक आमची आठ तासांवरच्या शहरात असते. दातांच्या कवळ्या बनवते. हात असा की तिने बसवलेला दात आणि जन्माचा दात शेजारी ठेवले तर मला ओळखता येणार नाहीत. आमचं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान त्या विषयावर बोलणं झालं असतं. रविवारी चारला तिचा फोन यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "बाबा?" "तेही बरे." "चल, ठेवते." चाळीस सेकंद. मी घड्याळ समोर ठेवून बघितलंय. मधल्या दिवशी आपण होऊन फोन केला तर विचारायची, "काही काम होतं का ग?" आता आईचं लेकीकडे काय काम असणार? मी कानाला खडा लावला आणि फोन करणं सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी ती दोन दिवस राहायला आली होती. जाताना म्हणाली, "आई, मला एक झाड दे. दिवसभर त्या कवळ्यांच्या गुलाबी भुकटीचा वास नाकात बसतो. घरी आल्यावर दुसरं काहीतरी नाकात जाऊ दे. पण सोपं दे, मला यातलं काही कळत नाही."

मी पांढऱ्या झाडापाशी गेले. कात्री वरच्या फांदीला लावली होती, खरंच लावली होती. मग मनात आलं, हे चार महिन्यांत फुलणार, मग हिला मला विचारायला काय उरणार? हात आपोआप खाली आला. खालची जाडजूड काडी कापली, ओल्या कागदात गुंडाळली आणि तिच्या पिशवीत ठेवली. "एकदम सोपं आहे," असं वर सांगितलंही. मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

आणि माझे रविवार फळाला आले. "आई, खालचं पान पिवळं पडलंय." "आई, दुपारी मान टाकतंय." "आई, पानामागे बारीक जाळं दिसतंय." मी पूर्ण उत्तर कधी दिलंच नाही. अर्धं या रविवारी, अर्धं पुढच्या. पानांमागे पाण्याचा फवारा मार म्हणायचं, आणि किती दिवसांनी ते पुढच्या खेपेला सांगायचं. झाडाचं बोलून झालं की तिच्या तोंडून आपसूक बाकीचं निघायचं. तिचा साहेब कसा खवचट आहे, लिफ्ट कशी बंद पडली, जावई झोपेत कसे घोरतात. चाळीस चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक आलं तर मी उठायची नाही. म्हणायची, बघा फिरून तोवर, झाडं काय पळून जात नाहीत. आठवडाभर मी त्या चार वाजण्यावर जगायची, खोटं कशाला बोलू.

आमच्या ह्यांना बोलणं म्हणजे दात काढल्यासारखं. निवृत्त झाल्यापासून कुंड्या भरतात आणि मूग गिळून बसतात. एकदा लेकीने झाडाचा फोटो पाठवला. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी धरला. बेचक्यावरच्या पानाचं बूड वाकडं असतं, देठापाशी एक बाजू वर आणि एक खाली. बेचक्याखालच्या पानाच्या दोन्ही बाजू सारख्या. फोटोतली सगळी पानं सारखी होती.

"चुकून दिलीस?" हे म्हणाले.

"हो."

"चाळीस वर्षांच्या संसारात तू चहात साखरसुद्धा चुकून जास्त घातली नाहीस."

"तुम्ही माती भरा," मी म्हटलं. ते माती भरायला गेले. पण पुढच्या रविवारी चार वाजता स्टूल ओढून माझ्या शेजारी येऊन बसले, आणि मी स्पीकर चालू केला. तेव्हापासून चोर एकाचे दोन झालो.

असं दीड वर्ष चाललं. मग एका रविवारी तिचा आवाज वेगळाच आला. पानांचं काही नाही, किडीचं काही नाही.

"आई, मी ते झाड टाकून देतेय."

"का ग?"

"नाही येत फूल माझ्याकडे. जाऊ दे." मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही मूल दत्तक घेणार होतो. कागद सगळे झालेत. शुक्रवारी संस्थेत शेवटची भेट आहे. मी जाऊन नाही म्हणून सांगणार आहे."

ह्यांचा हात स्टुलाच्या कडेवर घट्ट बसला. तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्हीदा टिकलं नव्हतं. त्यावर ती कधी बोलली नाही, आम्हीही खपली काढली नाही.

"नाही का म्हणायचं?" मी विचारलं.

"तू मला सगळ्यात सोपं झाड दिलंस, आई. नवख्याचं. रोज पाणी घालते. कामावर जायच्या आधी बघते, आल्यावर बघते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हेच झाड मागाहून लावलं, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बहर आला. माझ्या हाताखाली काही जगत नाही ग. आधीचं तर तुला माहीतच आहे. उगाच एका पोराचं नुकसान कशाला?"

"झाडाचा आणि मुलाचा काय संबंध?"

"काही नाही. मला कळतं ना ते. कळून काय उपयोग?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते जमिनीकडे बघत होते, आणि ते जास्त वाईट होतं. सांगितलं तर माझा रविवार गेला, हे मला स्वच्छ दिसत होतं. दोन दिवसांनी सांगू, जावयांना मधे घालून सांगू, निम्मं सांगून बघू, असलं सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. पण शुक्रवार पाच दिवसांवर होता.

"ऐक," मी म्हटलं. "तुझं झाड उत्तम आहे. त्याला काही झालेलं नाही. काडीच मी चुकीची दिली, खालची, उशिरा फुलणारी. मी ती कुठल्याही गिऱ्हाइकाला देत नाही. तुला मुद्दाम दिली."

"मुद्दाम म्हणजे?"

"तू फोन करावास म्हणून."

पलीकडून त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"दीड वर्ष, आई," ती म्हणाली. "दीड वर्ष मी स्वतःला शिव्या घातल्या." मग म्हणाली, "मी ठेवते." ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, माझा स्वभावच तसा आहे, आणि मग दोघी रडलो असतो. तिने फोन नुसता ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी जावयांचा ह्यांना निरोप आला. भेट झाली, ती हो म्हणाली. ह्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं, कारण तो निरोप मला नव्हता.

त्यानंतर पाच महिने फोन नाही. रविवारी चार वाजता मी फोन समोर घेऊन बसायची आणि हे स्टूल घेऊन यायचे. दोघं त्या काळ्या काचेकडे बघत बसायचो. साडेचारला हे उठून मातीकडे जायचे. मीच करावा फोन, असं शंभरदा वाटलं. पण कुठल्या तोंडाने? "काही काम होतं का," असं तिने विचारलं असतं तर माझ्याकडे काय होतं?

मग एका सकाळी गाडी फाटकाशी थांबली. ती एकटीच होती, आणि मागच्या सीटवर आडवं घातलेलं ते झाड, बुंध्याशी फडकं बांधलेलं. मी धावले. तिने मला हात लावू दिला नाही, स्वतः कुंडी उचलून आत आणून ठेवली.

"पुढच्या महिन्यात मुलगी यायचीय," ती म्हणाली. "तीन वर्षांची आहे. हे विषारी, तूच सांगितलं होतंस. घरात नको. टाकवलं नाही म्हणून आणलं."

नळावर जाऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले. पुसले, आणि परत धुतले. मी झाडाकडे बघत होते. बुंधा मनगटाएवढा, पानं तुकतुकीत, कीड औषधाला नाही. तीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाने माझं झाड इतकं छान ठेवलेलं मी पाहिलं नाही. तिला तसं सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली.

"राहा ना आजचा दिवस."

"नको. खोली लावायचीय तिची."

फाटकापाशी ती थांबली. "नुसतं सांगितलं असतंस तरी मी फोन केला असता, आई."

"सांगून आलेला फोन कसा असतो, ते मला माहीत होतं."

तिने यावर खरंच विचार केला. माझी लेक खोटं बोलत नाही, ते तिला जमतच नाही. "तेही खरंच," असं म्हणून ती गाडीत बसली.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, एका बाईंना मी पांढरं आणि पिवळं यातला फरक सांगत होते तेव्हा फोन वाजला. नाव बघून हातातली कुंडी तशीच खाली ठेवली.

"आई, ती बूट काढत नाहीये." आवाज थकलेला होता. "तीन दिवस झाले आणून. दाराशी बसून असते. जेवते तिथेच, झोपते बूट घालूनच. मी जवळ गेले की सरकते. सांग ना, माझं काय चुकतंय?"

माझ्या जिभेवर काय काय आलं. मी येते, आत्ता निघते. तू लहान असताना काय करायचीस, ते सांगते. आज एवढं करून बघ आणि उद्या मला फोन कर, मग पुढचं सांगेन. ही जुनी खोड तर ओठांपर्यंत आली होती. उद्या फोन कर, एवढे तीन शब्द म्हटले असते तर तिने केलाच असता, आणि परवाही केला असता.

"तुझं काही चुकत नाहीये," मी म्हटलं. "बूट राहू देत. तूही तुझे घाल आणि दाराशी तिच्या शेजारी जाऊन बस. अंतर ठेवून. फार बोलू नकोस. तिला कळायला हवं की कुणी तिला ढकलत नाहीये आणि कुणी सोडून जातही नाहीये. काढायचे तेव्हा ती काढेल, महिना लागला तरी लागू दे. हे सगळं उत्तर झालं. यात पुढचं काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच. आणि हे तुला माहीत होतं. मला नसतं विचारलंस तरी तू हेच केलं असतंस."

"बरं," म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ताण उतरलेला मला कळला. "ठेवते मग. ती एकटी बसलीय."

"ठेव ठेव. जा तिच्याकडे."

फोन बंद झाला. बाई कुंडीपाशी ताटकळत उभ्या होत्या आणि मला त्यांना सांगायचं काही आठवेना. केस कुठवर आहेत तिचे, रंग कसा आहे, बोलते का, हसते का. नात दिसते कशी, एवढंसुद्धा मी विचारलं नव्हतं.