मॉडेलमधली माणसं

आमचे बाबा एकदा रुसले की रुसले. जुनं घर पाडल्यापासून माझ्या धाकट्या भावाशी ते एक शब्द बोलले नव्हते. "याला सांग, पंखा बंद कर," असं मला सांगायचे, आणि हा त्यांच्या समोरच बसलेला! दोघांच्या भांडणात माझं डोकं उठायचं.

धाकट्याचा गुन्हा काय, तर तो इमारतींची मॉडेलं बनवतो. छापखानेवाले, बाइंडिंगवाले, कागदवाले अशी आमची अख्खी गल्ली उठवली आणि तिथे बँकांचे टॉवर बांधायला घेतले. त्या नव्या आर्थिक केंद्राचं मॉडेल बनवायचं काम नेमकं यालाच मिळालं. "आईचं घर पाडणाऱ्यांची चाकरी करतोय," असं म्हणून बाबांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. अहो, यानं नसतं केलं तर दुसऱ्यानं केलं असतं! पण बाबांना सांगणार कोण?

वाईट मलाही वाटतंच की. छापखान्याच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर जमीन थरथरायची, कपबश्या किणकिणायच्या. आई होती तेव्हा तिच्या केसांनासुद्धा शाईचा वास यायचा. सुट्टीला मशिनं बंद असली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आताच्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता आहे की जीव नकोसा होतो.

शेवटी मीच वैतागले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय अशी थाप मारली आणि बाबांना थेट धाकट्याच्या वर्कशॉपमध्ये नेलं. दारातच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. पण मॉडेल चांगलं पलंगाएवढं होतं, नजर गेल्याशिवाय राहते का? काचेचे टॉवर, स्पंजाची झाडं, रस्त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी माणसं. धाकटा चिमट्यानं एकेक माणूस चिकटवत होता. आम्हाला बघून त्याचा हात तसाच थांबला.

बाबांनी टेबलाभोवती सावकाश एक चक्कर मारली. मग मला विचारलं, "आपली गल्ली कुठंय यात?"

"हा मोठा टॉवर आहे ना, त्याच्याखाली," उत्तर धाकट्यानं दिलं. "पहिल्या तीन मजल्यांवर पार्किंग आहे."

"म्हणजे तुझ्या आईच्या खिडकीत आता गाड्या लावणार," बाबा मलाच म्हणाले. मला तर रडूच फुटलं.

धाकट्यानं वरचा टॉवर अलगद उचलून बाजूला ठेवला. खाली पार्किंगचे मजले उघडे पडले. डबीतून त्यानं एक बाई निवडली, डिंकात बुडवली आणि कडेला धरली. "बाबा, खिडकी इथेच होती ना?"

बाबा वाकून बघत राहिले.

"जरा डावीकडे घे," ते म्हणाले. मला की त्याला, ते काही कळलं नाही. बाई चिकटली. बाबांनी चष्मा पुसला, परत घातला आणि खालच्या रस्त्यावर बोट ठेवलं.

"आता इथे एक बारकं लाव."

"ते कशाला, बाबा?"

"कशाला म्हणजे? खिडकीतून ती हाका कुणाला मारायची, गाढवा? दिवे लागले तरी खेळतच असायचास ना इथे!"

धाकट्याच्या डोळ्यांना डबीतलं काही दिसेना. शेवटी ते बारकं माणूस मीच हुडकून दिलं.